संगणकाने यांच्या हाती कात्री दिली

तीर्थस्वरूप वन्संच्या पायांशी धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. मी नमस्कार करून सरळ होईपर्यंत तुम्ही खुर्चीत नीट टेकून बसलेल्या असाव्यात, एवढी विनंती आधीच करते. तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या वेळी फोनवर, जिना चढताना कुरकुरतात म्हणाला होतात. (गुडघे. तुम्ही कुरकुरता असं मी कधीही म्हटलेलं नाही, ते यांनी म्हटलं होतं.) औषध वेळेवर घेत असाल. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायला पेन उचललं आणि ते तसंच हवेत राहिलं. वन्सं, तुमचा सख्खा भाऊ, उभा जन्म विमा कंपनीत दाव्यांच्या फायली तपासून सन्मानाने निवृत्त झालेला माणूस, सध्या केस कापायला शिकतो आहे. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. बरोबरच लिहिलंय.

झालं असं, की आमच्या शाळेत मुलांना करिअर मार्गदर्शन करण्यासाठी एक नवीन संगणकी चाचणी आली. मुलाने पडद्यावरच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि यंत्राने त्याला शोभतील असे तीन व्यवसाय क्रमाने छापून द्यायचे. मुख्याध्यापक मला म्हणाले, बाई, यापुढे सल्ला यंत्र देईल, तुम्ही फक्त कागद वाटा आणि पालकांना पाणी द्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुलगा दारातून आत येताना चप्पल कशी काढतो, एवढ्यावरून मी त्याची शाखा सांगते, हे तुम्हाला ठाऊक आहे. (तुमच्या धाकट्याला मी विज्ञान सांगितलं होतं आणि तो आता नाटकात पडदा ओढतो, हा अपवाद आहे.) म्हटलं, या यंत्राचं पितळ उघडं पाडायचंच. त्यासाठी असा माणूस हवा होता, ज्याचं उत्तर अख्ख्या जगाला आधीच माहीत आहे. असा माणूस माझ्या घरीच होता. शाळा सुटल्यावर मी यंत्रापुढे बसले आणि ‘विद्यार्थी’ म्हणून यांच्या वतीने सगळी उत्तरं भरली. प्रामाणिकपणे भरली. परीक्षेत लबाडी माझ्या रक्तात नाही.

रिकामे असताना हात काय करतात? (पडद्यांच्या झालरी सारख्या करतात, सतरंजीची दशी ओढतात.) अनोळखी माणसाचं काय लक्षात राहतं? (नाव कधीच नाही. पण कुणाच्या लग्नात कुणाचा भांग वाकडा होता, हे अजून सांगतात.) आकडेमोड करायला आवडते का? इथे मात्र मी जरा अडखळले. आयुष्यभर तेच तर केलं. पण रविवारी संध्याकाळ झाली की यांचा चेहरा कसा उतरायचा ते आठवलं आणि माझ्या बोटाने ‘नाही’ दाबलं. यंत्र थोडं गुरगुरलं आणि कागद बाहेर आला. पहिला व्यवसाय, केशरचनाकार. दुसरा माळी, तिसरा शिंपी. विम्याचा कुठे मागमूसही नाही! मी इतकी हसले की शिपाई पाणी घेऊन धावत आला. यांनाही हसवावं म्हणून मी तो कागद घरी नेला. ती माझी चूक.

हे हसले नाहीत. उभ्याने वाचलं, मग चष्मा लावून बसून वाचलं, आणि हे कुठे शिकवतात, एवढंच विचारलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी हे जाऊन एका केशरचनेच्या संस्थेत नाव घालून आले. पूर्वी अशा प्रशिक्षण संस्थांत वयाची अट असायची, ती आता काढली आहे. कुणीही, कुठल्याही वयात, संध्याकाळच्या तुकडीत बसून छोटा अभ्यासक्रम करावा आणि प्रमाणपत्र घ्यावं, असं नवं धोरण आहे. वन्सं, या धोरणाची घोषणा झाली त्या सभेत मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या! ते माझ्याच घरात शिरेल, असं व्यासपीठावरून कुणीही सांगितलं नव्हतं.

पुढचं ऐका. एके सकाळी मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर कपबशांच्या मधोमध एका बाईचं मुंडकं. लांब केस, मिटलेले ओठ आणि माझ्याकडे रोखून पाहणारे डोळे. मी किंचाळले. माझं किंचाळणं ऐकून वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक काठी घेऊन आले, आणि ते मुंडकं बघून तेही किंचाळले. हे शांतपणे म्हणाले, सरावाचं डोकं आहे, प्लास्टिकचं, पण केस खरे आहेत. (जणू केस खरे आहेत म्हटल्यावर आमचा जीव भांड्यात पडणार होता.) त्या बाईंचे केस कापून संपले, तेव्हा पायपुसणं झालं, मग दिवाणखान्यातल्या पडद्याची झालर झाली, आणि मग एका दुपारी यांची नजर माझ्याकडे वळली. वन्सं, मी फक्त टोकं म्हटलं होतं. हे म्हणाले, डावी बाजू जरा लांब दिसते. मग उजवी लांब दिसली. मग पुन्हा डावी. माझे केस आता कानांच्या वर राहतात. शाळेतल्या मुली छान म्हणतात, पण त्या घाबरून म्हणत असतील.

शेवटी यांना हाताला धरून घरी आणायचं ठरवून मी त्या संस्थेत गेले. दारावरच्या पहारेकऱ्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि तो म्हणाला, पालक सभा ना? डावीकडे. मी काही बोलण्याआधीच मला एका वर्गात नेऊन बसवलं. सगळीकडे अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरापोरींचे आईबाप. समोर त्या संस्थेचा मार्गदर्शक, वयाने माझ्या छत्रीहून लहान. मला विचारलं, आपला पाल्य कोण? मी बोट दाखवलं. काचेपलीकडे आरशांची रांग होती आणि पोरांच्या मधोमध, कमरेला काळा एप्रन बांधून, चिमट्यांनी केसांचे भाग पाडत तुमचे बंधू उभे होते. जांभळ्या केसांची एक शिक्षिका, वयाने माझी लेक शोभेल अशी, त्यांना सांगत होती, ‘काका, मनगट सैल सोडा, कात्री आपोआप चालेल.’ आणि काकांनी मनगट सैल सोडलं! माझ्यासाठी या माणसाने साधी मूठ सैल सोडलेली मी पाहिली नाही.

तो मार्गदर्शक मग माझ्याकडे वळला आणि अतिशय मायेने म्हणाला, बाई, आपली स्वप्नं पाल्यावर लादू नका, त्याचा कल ओळखा, इतरांशी तुलना करू नका. वन्सं, हे माझं भाषण आहे. अक्षर न् अक्षर माझं. इतकी वर्षं दर जूनमध्ये मी ते पालकांना ऐकवते, आणि ऐकताना किती राग येतो हे मला त्या दिवशी प्रथमच कळलं. बाहेर आले तेव्हा हे मधल्या सुट्टीत बाकावर बसले होते. मला बघून शाळा बुडवताना सापडलेल्या मुलासारखा चेहरा केला. मी सगळं ठरवून गेले होते, पण माझ्या तोंडून एवढंच निघालं की डबा घरी विसरलात.

आता तुमच्याशिवाय वाली नाही. या महिन्याच्या शेवटी यांची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. ती पास झाले की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र मिळालं की खाली गॅरेजमध्ये खुर्ची आणि आरसा लावायचं हे बोलू लागलेत. ज्या इमारतीत लोक यांना ‘साहेब’ म्हणतात, त्याच इमारतीत लोक यांच्यापुढे मान वाकवून बसणार! हे लहानपणापासून फक्त तुम्हाला भितात. तुम्ही एक खरमरीत पत्र लिहा. थोरल्या बहिणीचे दोन शब्द गेले की कात्री आपोआप खाली येईल. तब्येतीला जपा.

तुमची,
अजून धक्क्यातून न सावरलेली भावजय

ता. क. : खरमरीत पत्र लिहू नका. या पत्राचं खरं कारण वेगळंच आहे. परीक्षेला प्लास्टिकचं डोकं चालत नाही, प्रत्येकाने आपलं जिवंत माणूस आणायचं असतं, आणि केस किमान कमरेपर्यंत लांब हवेत. पोरांना आया, आत्या, मावश्या आहेत. यांना मी आहे, पण माझ्या डोक्यावर आता कापण्यासारखं काही उरलेलं नाही. माणूस मिळालं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. यांनी आजूबाजूला सगळ्यांना विचारून पाहिलं. ऐन त्या दिवशी सगळ्यांनाच अत्यंत महत्त्वाची कामं निघाली आहेत. कालपासून हे ‘जाऊ दे, राहिलं’ म्हणतात, आणि अगदी त्याच आवाजात म्हणतात, ज्या आवाजात सोमवारी ‘निघतो’ म्हणायचे. वन्सं, तुमची वेणी गुडघ्यापर्यंत येते.

आणखी एक : मी पत्र लिहिलंय हे यांना माहीत नाही. मी तुमचं नाव काढलं तर म्हणाले, ताईच्या वेणीला हात लावायची माझी छाती नाही. तेव्हा इथल्या डॉक्टरांना गुडघे दाखवायला आले, असं सांगून या. घाबरू नका, खांद्यापर्यंतच कापतील. (डावी बाजू लांब दिसते म्हणाले, तर होकाराची मान डोलवू नका.)

शेवटचं : खुर्चीत बसल्यावर समोर मोठा आरसा असेल. त्यात स्वतःकडे बघू नका, धक्का बसेल. मागे उभ्या असलेल्या यांच्या चेहऱ्याकडे बघा. त्या दिवशी काचेतून मी पाहिला. मी या माणसाबरोबर सगळा संसार केला, पण तो चेहरा घरी कधी आला नव्हता. याल ना? केस काय, पुन्हा वाढतात.