बाटलीतलं विहिरीचं पाणी

प्रिय विनू,

बापाचा हात सवयीनं 'चिरंजीव' लिहायला निघाला होता, त्याला आवरलं. तू हे जग सोडून गेलास, त्याला महिना झाला. काल मुंबईहून आगबोटीनं तुझी ट्रंक आली, तिच्यात तुझ्या गिरणीच्या रंगखात्यातली ती गुलाबी पूड निघाली. म्हणून हे पत्र.

आठवतं ना घरापुढचं आपलं खळं? दुपारचं ऊन, दोन काचेचे पेले, समोर माझे शाळेतले सोबती मास्तर नि शेजारच्या गोदूकाकू. तू सांगत होतास, "पाण्यात या रंगाचे कण एकमेकांना चिकटतात, घोळका करतात. घोळक्यात त्यांचं तेज मरतं. स्पिरिटात सुटे होतात, नि उन्हात पेटल्यासारखे दिसतात. बघाच!"

बघितलं. दोन्ही पेले सारखेच मलूल.

"अरे, हा तर शिमग्याचा रंग!" गोदूकाकू म्हणाल्या. "एवढ्यासाठी मुंबईस गेलास होय रे?" सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं मी.

विनू, सकाळी तू आंघोळीला गेलास तेव्हा तुझी स्पिरिटची बाटली मी जास्वंदीच्या मुळाशी रिकामी केली होती. देवघराशेजारच्या फळीवर मद्य! तेही संस्कृतच्या मास्तराच्या घरात! तुला सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास, आणि वादात तू जिंकायचास. म्हणून विहिरीचं पाणी भरलं नि बूच घट्ट लावलं.

पुन्हा तू कधी प्रयोग दाखवला नाहीस. मीही तोंड उघडलं नाही.

आज सुताराकडे पॉलिशचं स्पिरिट मागितलं. "मास्तर, तुमच्या घरात स्पिरिट? देव उठून जातील हो!" म्हणाला. गेले नाहीत. पाण्यातली चिमूट मलूलच राहिली. स्पिरिटातली उन्हात अशी नारिंगी झळाळली, की मला पेला खाली ठेवावा लागला.

पण खरी लाज त्याच्या आधीच वाटली. बूच काढताच वासानं अख्खी पडवी भरली. आणि त्या दिवशी तू तर बूच नाकाखालीच काढलं होतंस! विहिरीच्या पाण्याला वास कुठला? थांबलास, माझ्याकडे एकदा पाहिलंस, नि निमूट ओतलंस. "माझंच काहीतरी चुकलं," म्हणालास.

म्हणजे तुला कळलं होतं? एवढ्या माणसांत माझी अब्रू राखलीस, आणि वर माझंच हसणं ऐकून घेतलंस? अरे, एकदा भांडायचं तरी होतंस!

येत्या रविवारी त्याच खळ्यात तीच माणसं बोलावतो. गोदूकाकूंना पुढे बसवीन. आधी बाटलीची हकिगत सांगेन, मग पेले उन्हात धरीन. हसू देत. या खेपेस योग्य माणसाला हसतील.

घोळक्यातून सुटू पाहणारा,
तुझा अण्णा