समुद्राला गेलेल्या दशम्या

आबा,

रागानेच लिहितेय, हे आधीच सांगते. तुम्ही असता तर "आवाज खाली" म्हणाला असता आणि मी मुकाट्याने खाली केलाही असता. आता तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तेव्हा आज माझा आवाज वरच राहणार. मायला घेऊन कोकणात आलेय. समुद्राकाठच्या त्याच गावात, जिथे तुम्ही दर हिवाळ्यात शाळेची सहल आणायचात. ज्या नारळी-पोफळीच्या बागेत तुम्ही चाळीस पोरांना रांगेत उभं करून झाडांची नावं पाठ करून घ्यायचात, तिथेच बागवाल्यांनी आता पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्यात. त्यातल्या एकीत आम्ही उतरलोय. बाग अजून तशीच आहे. जायफळाखाली गार सावली, पोफळीवर चढलेले मिरीचे वेल, पाटाच्या पाण्याचा तेवढा आवाज. मागच्या फाटकातून ती पायवाट निघते, काजूच्या झाडांमधून, मग जांभ्याच्या पायऱ्यांनी खाली, थेट वाळूपर्यंत. आता तिला "निसर्गवाट" अशी पाटी लावलीय. इतकी शांत जागा, की भांडखोर माणूसही इथे गप्प व्हावा. माझं मात्र इथे आल्यापासून डोकं जास्तच तापलंय.

सहलीच्या आधीचे दोन दिवस आपल्या स्वयंपाकघरात काय चालायचं, आठवतं का? कसं आठवेल! तुम्ही बाहेर ओट्यावर बसून यादी करत असायचात, कोणतं पोर कोणत्या बाकावर बसेल याची. आत माय दुधात पीठ मळतेय. चाळीस पोरं, तीन मास्तर, एक ड्रायव्हर, सगळ्यांच्या दशम्या. प्रवासात टिकायला हव्यात, म्हणून पिठाला पाण्याचा थेंब लावायचा नाही. शेजारच्या दोघी लाटायला यायच्या, पण तवा मायकडेच, कारण एखादी कच्ची राहिली तर नाव सरांचं खराब होणार. शेंगदाण्याची चटणी वेगळी. दोन टोपल्या भरायच्या, वर स्वच्छ फडकं बांधायचं. पिंपळनेरपर्यंत लोक म्हणायचे, सरांच्या घरच्या दशम्या म्हणजे काय विचारता! सरांच्या! आणि दर वर्षी फडक्याची गाठ मारता मारता ती विचारायची, "औंदा माले बी लई जा ना." तुम्ही यादीतून मान वर न करता म्हणायचात, "तठे काय शे? खारं पाणी शे." संपलं. पोरांना भरती-ओहोटी तासभर समजावून सांगणारे तुम्ही, बायकोला मात्र दोन शब्दांत वाटेला लावायचात. परत येताना एक नारळ आणायचात तिला. तिने त्याची चटणी करायची आणि पहिला घास तुम्हालाच वाढायचा.

आठवीत असताना मी तुमच्या सहलीला आले. त्या तीन दिवसांत मी जो माणूस पाहिला तो आपल्या घरी कधी आलाच नाही, आबा. तुम्ही हसत होतात. पायवाटेवर सगळ्यांच्या पुढे चालत होतात, उंडीचं फळ हातात घेऊन "वास घ्या, वास घ्या" म्हणत होतात. केवड्याच्या काट्यातून एका मुलीची ओढणी तुम्ही इतक्या हळू हाताने सोडवलीत, की मला आधी कौतुक वाटलं आणि मग रडूच आलं. पायऱ्या संपतात तिथे उंडीची तीन जुनी झाडं आहेत, त्यांच्या सावलीत आम्ही पंगत धरली. समोर समुद्र. मला राहवलं नाही. मी म्हणाले, मायलाही आणायला पाहिजे होतं. सगळ्या पोरांदेखत तुम्ही म्हणालात, "सहल शाळेची आहे, घरची नाही. समजलं? खा मुकाट्याने." पोरं फिदीफिदी हसली.

बरं, खा म्हणालात, पण खाल्लं कोणी? एकेक दशमी कशीबशी संपवून पोरं भजी मागायला लागली आणि तुम्ही खुशाल सगळ्यांना वर नाक्यावरच्या हॉटेलात घेऊन गेलात. एक टोपली तर सोडलीही नव्हती. ती तुम्ही बागवाल्यांच्या गाईंपुढे रिकामी केलीत. मी पाहिलं. तुम्ही मला पाहताना पाहिलंत आणि म्हणालात, "घरी सांगायचं नाही." मी नाही सांगितलं. घरी आल्यावर मायने विचारलं, "दशम्या पुरन्यात का?" तुम्ही हात धुवायला मोरीत गेलात. मी म्हणाले, पुरल्या. पुढच्या वर्षी तिने दहा माणसांच्या जास्त केल्या, कमी पडायला नकोत म्हणून! ते पाहताना माझं डोकं फिरायचं, आणि तरी मी गप्प.

आज ती शहात्तर वर्षांची आहे. धुळ्याला माझ्या भावाकडे असते. गुडघे पार गेलेत, काठी लागते. काल इथल्या रिक्षावाल्याने आम्हाला डांबरी रस्त्याने फिरवून किनाऱ्यावर नेलं. तिने रिक्षातूनच समुद्र पाहिला. "मोठा शे," म्हणाली, आणि मग मला विचारलं, "पोरे कठे बसनात खावाले?" मला आधी कळलंच नाही. समुद्र पाहायला आलीच नव्हती ती. इतकी वर्षं तिच्या दशम्या जिथे जात होत्या ती जागा तिला बघायची होती. आणि तिथे रिक्षा जात नाही, आबा, तिथे तुमचीच पायवाट जाते.

आज सकाळी आम्ही निघालो. बागेतून ती मजेत चालली. वेलाला हात लावायची, "हाई काय शे?" विचारायची, आणि तुम्ही मला तेरा वर्षांची असताना पाठ करायला लावलेली नावं मी तिला सांगत होते. मिरी. दालचिनी. ओटीची सुपारी आजवर तिने दुकानातूनच आणलेली, इथे ती झाडावर वर लटकलेली पाहून तिला हसू आवरेना. फाटकाबाहेर काजूची झाडं लागली आणि ती दमली. पायऱ्यांच्या तोंडाशी आलो. साठेक पायऱ्या, उंच, घडण ओबडधोबड. पाचव्या पायरीवर ती थांबली, कडेच्या भिंतीला धरून खाली बसली. "गुडघा नही म्हनस. मी आठेच बसस. तू जाय आणि दखी ये." मी म्हणाले, मी नाही जात. खालून लाटांचा आवाज येत होता, दिसत मात्र झाडंच होती. मग तिने मला सगळं विचारलं. झाडं कोणती, सावली किती, पोरं कशी बसली, वाढलं कोणी. मी सांगत गेले. तिने परत विचारलं, "पुरन्यात ना?" मी म्हणाले, "कमी पडन्यात, माय." ती इतकी खूश झाली! म्हणाली, "त्यासनी माले हाई कधीच नही सांगं." तुमच्यावर ती अजूनही रागावत नाही. तिच्या वाटचं मीच रागावून घेते.

हे पत्र तुमच्या वर्षश्राद्धाला सगळ्यांसमोर वाचायचं ठरवलं होतं. तुमचे जुने विद्यार्थी येतात, सरांनी आम्हाला समुद्र दाखवला म्हणून डोळे पुसतात. म्हटलं, त्यांना एकदा ऐकवायचंच. पण आता नाही वाचणार. वहीतून फाडून पिशवीच्या तळाशी ठेवून देणार.

कारण दुपारी जेवताना बागवालीण भात वाढत म्हणाली, "ताई, या वेळी मुलं नाही आणलीत? मागच्या दोन्ही वेळेला काय धुडगूस घातला होता बागेत!" माय जेवत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. थोडा भात मागून घेतला, एवढंच. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

शाळेची ती सहल सोडली तर मी तिसऱ्यांदा आलेय इथे, आबा. आधी दोनदा आलो ते आम्ही चौघंच, नवरा, मुलं आणि मी. गाडीत पाचवी जागा होती. तिला सांगितलं होतं, ऑफिसचं ट्रेनिंग आहे. पहिल्यांदा आले त्या वर्षी चैत्रात ती सप्तशृंगीच्या गडाच्या सगळ्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढून आली होती.