गाडी सुटेपर्यंत

१२ फेब्रु. ७८. दौंड.
पुन्हा तेच. मोटार घ्यायची तर रोख की हप्ते. कासुर्डीच्या जमिनीतला माझा वाटा विकून आलेले नऊ हजार कपाटात आहेत. हे म्हणतात, घरात पैसे असताना डोक्यावर देणं घेणारा मूर्ख. सत्तावीस वर्षं रेल्वेत गार्ड. वाण्याची चार आण्यांची उधारीसुद्धा कधी दुसऱ्या दिवसावर ठेवली नाही. मी म्हटलं, निम्मे हाताशी राहू देत, आजारपण असतं. "आजारपण कुणाचं?"  जानेवारीत हे फलाटावर चक्कर येऊन पडले, त्याबद्दल आम्ही दोघंही बोलत नाही.

१९ फेब्रु. शिरूरला जाऊन आलो.
मोटार काळी, जुनी, दोन मालक झालेली. एजंट बबनराव स्वतःच हप्त्यांवर देतो. हे बॉनेटमध्ये डोकं घालून उभे, तेवढ्यात बबनराव माझ्या हातात चहाची बशी देत हळूच म्हणाला, "बाई, रोखीनं घेऊ नगा."
"का?"
"हिला रोखीचं मानवत न्हाई." हसत होता. पहिल्या मालकानं म्हणे हप्त्यानं घेतली. "शेवटचा हप्ता भरला, गाडी सुटली. आन् आठव्या दिवशी तो बी सुटला. दुसऱ्यानं एकदम पैसे मोजले. त्याला चार दिवस लागले."
हप्ते फिटले की इकडे गाडी सुटली म्हणतात. आमच्या घरात तर दिवसातून दहा वेळा हाच शब्द. पॅसेंजर सुटली, मालगाडी सुटली. आणि माणूस... नको.
व्याजासाठी सांगतो, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. तरी परतताना एसटीत ह्यांच्या मनगटावर बोटं ठेवून बसले. हे म्हणाले, "घड्याळ बघतेस का?" हो म्हटलं.

२० फेब्रु.
सांगून टाकलं. हप्त्यानं, नाहीतर गाडी नको. "पैसे माझ्या शेताचे आहेत." बावीस वर्षांच्या संसारात असलं वाक्य पहिल्यांदा तोंडातून गेलं. हे म्हणाले, "बरं. तुझे पैसे."
ते 'तुझे' दिवसभर लागून राहिलं.

२६ फेब्रु.
निम्मे रोख, बाकीचे अठरा हप्ते. कागद सगळे इंग्रजीत, बारीक टायपात, आणि चष्मा मी घरी विसरलेली. "हितं सही करा बाई. आन् हितं. साहेब, तुम्ही खाली." जामीन म्हणून माझी सही लागत असावी. गाडीचं मालकीचं पुस्तक सगळं फिटेपर्यंत बबनरावकडेच राहणार.
न्हावऱ्याच्या रस्त्यानं आलो. पुढच्या कप्प्यात कुणाचातरी जुना चष्मा सापडला, एका काडीला दोरा गुंडाळलेला. सहज डोळ्यांना लावला. मैलाच्या दगडावरचे आकडे स्वच्छ. माझाच नंबर. हे म्हणाले, "गाडीबरोबर फुकट."
काढून होता तिथं ठेवला. काच कोमट लागली. उन्हानं असेल.

९ एप्रिल.
मागच्या सीटवर, डाव्या अंगाला, खड्डा आहे. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखा. काथ्या भरून घेतला, वर गादी घातली. चार दिवसांनी गादीलाही तसाच.
मी पुढे बसते. मागे बघत नाही.

२ जुलै.
ह्यांच्या चेहऱ्यावर तेज आहे. जेवण नीट. चक्कर नाही. कॅलेंडरवर हप्त्याला फुली मारते. चार झाल्या. चौदा राहिले. चौदा महिने! देणं असल्याचं एवढं सुख कुणाला झालं असेल का. गोष्टीत लिहिलं तर संपादक परत पाठवतील.

१५ ऑक्टो.
बबनराव दौंडला लग्नाला आला होता, घरी डोकावला. हे ड्यूटीवर. "साहेब म्हंजी लाखात एक मानूस. म्हैन्याला दोन-दोन हप्ते. नवरात्रात तर तीन दिले. आता एकच ऱ्हायलाय."
हातातलं भांडं खाली ठेवलं एवढं आठवतं. ओव्हरटाइमचे पैसे कुठे जातात हे मी कधी विचारलंच नव्हतं. दर महिन्याला 'इंजिन दाखवून आणतो' म्हणून शिरूरला जात होते.
फाटकापर्यंत त्याच्या मागे गेले. म्हटलं, शेवटचा घेऊ नका. महिन्याचं व्याज मी देत जाईन.
"बाई, जल्म वसुलीत गेला माझा. लोक हप्ता देत न्हाईत म्हणून मी रडतो, तुम्ही घेऊ नगा म्हणताय."
माझ्याकडे बघता बघता त्याचं हसू गेलं. "तुम्ही खरं धरलं व्हय ते?"
"खोटं होतं?"
टोपी नीट केली, मग म्हणाला, "दोघं गेले ते खरंच हाय. पर मी आपलं धंद्यासाठी बोलून गेलो."

१२ नोव्हें.
हे दोनदा शिरूरला जाऊन आले, बबनराव 'गावाला गेलेला'. चिडचिड चालू आहे. "घेणेकरी पळतो, हे पहिल्यांदाच बघतोय." आज माझ्या वाचायच्या पुस्तकात मनीऑर्डरीची पावती सापडली त्यांना. बबनरावच्या नावची. पंधरा रुपये. पावती टेबलावर ठेवून दिली, वर पेपरवेट.

१९ नोव्हें.
सांगितलं सगळं. 'सुटला' ह्या शब्दासकट.
हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. सुपारी कातरत होते, अडकित्ता तसाच उघडा राहिला. मग म्हणाले, "पण अगं, गाडी माझ्या नावावर कुठं आहे?"
पैसे तुझ्या शेताचे, म्हणून पुस्तकावर नाव तुझं घातलं. घेणार तू, जामीन मी. "सही कशावर केलीस तू?"
खरं लिहायचं तर आधी बरंच वाटलं, ह्यांच्या जिवावरचं टळलं. ताप उतरल्यावर अंग हलकं होतं तसं. नऊ महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले. ह्यांचं ताट तसंच.

२१ नोव्हें.
आता हे म्हणतात, "राहू दे ना एक हप्ता. काय बिघडतं?" हे कोण बोलतंय असं वाटून मी वळून पाहिलं.
गाडीवर ताडपत्री टाकली आहे. दुपारी मी पडले होते, ह्यांनी श्वास बघायला माझ्या नाकापाशी हात धरला. झोपेचं सोंग केलं मी. मग हे माझं मनगट घट्ट धरून बसले. घड्याळ तिथं नव्हतंच.

२३ नोव्हें.
"विकून टाकू."
"कुणाला?"
ह्यांनी ताडपत्रीची दोरी पुन्हा आवळली. 

२७ नोव्हें.
बबनरावचं कार्ड. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. 'बाईंच्या जिवाला माझ्या बोलण्यानं घोर लागला. पाप नको. शेवटचा हप्ता सोडून दिला आहे. पुस्तक रजिस्टरनं पाठवलं आहे. मिळाल्याची सही करून घेणे.'
चांगुलपणानं केलं त्यानं. सही केली की गाडी सुटणार.
अकराला पोस्टमन आलाच. "बाईंच्या नावचं हाय. सही लागंल." हे दारात आडवे उभे. म्हणाले, "घरात नाहीत." मी मागे चार हातांवर, पीठ चाळत. पोस्टमननं माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. "बरं. उद्या येतो पुन्हा."
खोटं बोलले म्हणून ह्यांचे कान लाल झाले होते. आणि ह्यांच्या त्या 'नाहीत'नंतर तेच पीठ मी पुन्हा पुन्हा चाळत राहिले.

२८ नोव्हें.
ह्यांनी रजा टाकली. सत्तावीस वर्षांत मुलीच्या लग्नाला टाकली होती, त्यानंतर आजच. सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसले आहेत. काल रात्रीचा डोळा लागलेला नाही, आता मान छातीवर कलली आहे. पुन्हा पुन्हा बघते, श्वास चालू आहे. बरा चालू आहे.
ते पुस्तक घेतलं नाही तर रोज असेच बसतील. रोज कुणीतरी विचारील, आणि रोज हे म्हणतील, घरात नाहीत.
पोस्टमनची सायकल फाटकाशी लागली. हे उठले नाहीत. खुर्चीला वळसा घालून जाता येण्याएवढी जागा आहे, आणि पेन हातात आहेच.