हाताला शिवू नका

१२ जानेवारी
ओढणीचं टोक डाव्या हाताच्या पाठीवर आलं — आग आग! नुसत्या ओढणीनं! जखम कधीच भरली, पण आत मिरची कोंबल्यासारखं. कापड धरवत नाही. शिलाई मशीन झाकून ठेवलीय.

महारुद्र म्हणतो, "वर तर काहीच दिसत न्हाई." जीपचं दार त्यानंच आपटलं होतं. रागात, माझा हात दारात दिसत असताना. नवरा म्हणून गप्प बसले. त्याची किळस येते.

१५ जानेवारी
जाऊबाईंकडं हळदी-कुंकू. डाव्या हातात बांगड्या नाहीत म्हणून सगळ्या बघायल्या. तेवढ्यात महारुद्र दारातून — "लय नाजूक हाय आमची. वाऱ्यानं दार लागलं, तवापासून नाटकं." बाया हसल्या. मीही हसले! माझीच मला शिसारी आली.

१९ जानेवारी
त्याच्या जीपमध्ये बसले नाही. एसटीनं एकटीच परभणीला.

डॉक्टरबाईंनी हातावरून कापूस फिरवला. ओरडले. "नस चिरडलीय, रेणुकाताई. नाटक नाही हे." ढसाढसा रडले.

गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्या सगळ्या आधीच करून झाल्या. आता म्हणे बोटॉक्सची इंजेक्शनं.
"सुरकुत्यांचं?"
"तेच. नसांची टोकं दुखण्याचा निरोप पुढं धाडतात, तो हे अडवतं असं दिसतं. पण काहींनाच गुण येतो. आला तरी दोन-तीन महिने."

मूळचं हे विष! डबाबंद अन्न नासलं की त्यात वाढणाऱ्या जंतूचं. तरी हो म्हटलं. जिथं ओढणी सोसत नाही तिथं सुया — एकामागून एक. डोळ्यांपुढं अंधारी.

२० जानेवारी
जाऊबाई — "तोंड गुळगुळीत करून आलीस का गं?" महारुद्र खिदळला. गुटख्याची थुंकी हनुवटीवर. शी!

२४ जानेवारी
काही फरक नाही. विष टोचून घेतलं, तेही वाया.

२९ जानेवारी
अंघोळीचं पाणी हातावर पडलं. डोळे मिटून आगीची वाट बघितली. आलीच नाही! मग टॉवेल घासून बघितला. चुणचुण, बस. मोरीतच बसून रडले. दुपारी मशीन पुसली. एक ब्लाउज शिवला. बाही वाकडी आली, पण शिवला.

१ फेब्रुवारी
महारुद्रला सांगितलं, बरं वाटायलंय. खूश झाला. "झालं का न्हाई नीट?" म्हणत त्यानं तोच हात हातात घेतला.

जरासुद्धा दुखलं नाही.

तरी मी ओढून घेतला.