येते म्हणून सांगितलं

३ जानेवारी

आले एकदाची मालवणात. बदलीचा आदेश आला तेव्हा साताऱ्याच्या ऑफिसातल्या बायकांनी चेहरे पाडले होते, जशी काही मला अंदमानलाच धाडतायत. आता रोज एक फोटो पाठवून त्यांना जळवणार आहे. विम्याचं ऑफिस बाजारात आणि माझी खोली विमलाकाकींच्या माडीवर. खिडकीतून माड दिसतात आणि त्यांच्या मधून समुद्राची एक पट्टी. काकी एकट्याच राहतात, मुलगा मुंबईला असतो. संध्याकाळी सोलकढी आणि तळलेला बांगडा घेऊन स्वतः जिना चढून आल्या. मी बांगड्याचा फक्त काटा शिल्लक ठेवला.

रियाचा पुण्याहून फोन होता. लेक माझी, पण बोलते सासूसारखी. एकटी बसून फरसाण खात बसशील, आधीच गुडघे बोलतायत, काहीतरी लाव, म्हणाली. तिनेच फोनवर शोधून ‘उभारी’चा मासिक पास काढायला लावला. एका पासावर गावातल्या कुठल्याही वर्गाला जायचं, झुंबा म्हणा, योगा म्हणा, सायकली म्हणा. पाहुणा आला तर त्यालाही काही दिवस फुकट. पास देणारा सर्वेश म्हणाला, सगळं चाखून बघा, मग आवडेल तिथे कायमच्या या. मला ही पद्धत फार पसंत पडली.

२५ तारखेला रिया चार दिवस येतेय. तोवर एखादा किलो तरी उतरवायचा.

५ जानेवारी

झुंबा, मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये. कालच्या लग्नातल्या मसालेभाताचा वास अजून भिंतींना होता आणि त्यात तीस बायकांचा घाम. मला माणसं आवडतात, त्यांचा घाम आवडत नाही. पुढच्या बाईने वेणी उडवली आणि तिच्या घामाचा थेंब माझ्या ओठावर पडला. उरलेला वेळ मी तोंड मिटून नाचले. घरी येऊन दोनदा दात घासले.

निघताना शिकवणाऱ्या बाईंना ‘येते हं’ म्हटलं. परत कोण जातंय.

८ जानेवारी

आजचा वर्ग स्ट्रेचिंगचा, खाडीकाठच्या जुन्या वखारीत. तिथे पूर्वी मासळी खारवायचे. भिंतीलगतच्या सिमेंटच्या टाक्यांवर आता फळ्या ठोकून वर मॅट अंथरल्यात. शिकवणारी भक्ती, गोड मुलगी, कानात छोट्या रिंगा. मी माझी मॅट नेमकी घरी विसरले होते, तिने तिथलीच एक दिली. पाठ टेकली आणि कळलं की मॅट ओली आहे. नुसती दमट नाही, ओली. माझ्या आधी कुणीतरी तिच्यावर बराच वेळ पडून राहिलं असावं, असा पाठीचा, टाचांचा, डोक्याचा ठसा. मान वळवल्यावर नाक तिथेच टेकायचं. खाऱ्या बांगड्याचं डोकं फडक्यात बांधून महिनाभर ठेवावं तसा वास. मला उमासे येत होते आणि भक्ती म्हणत होती, खोल श्वास घ्या.

वर्ग सुटल्यावर आणखी एक चमत्कारिक गोष्ट. प्रत्येक बाई दारात थांबली, आत तोंड करून मोठ्याने ‘जातंय’ म्हणाली आणि मग बाहेर पडली. आमच्या घरात कुणी ‘जाते’ म्हटलं असतं तर आईने पाठीत धपाटा घातला असता. जातात ती मेलेली माणसं, जिवंत माणसाने ‘येते’ म्हणायचं. रियालाही ती बोबडं बोलायची तेव्हापासून मी हेच शिकवलंय. मी मुद्दाम आवाज चढवून म्हटलं, येते हं मी.

भक्तीचा चेहरा उतरला. ताई, असं हय, या वखारीत, म्हणू नको, म्हणाली. आणि म्हटलंच आहेस तर मग उद्या खरंच ये. मी हसून मान हलवली. त्या मॅटवर परत निजायला मला काय वेड लागलंय?

११ जानेवारी

योगा, शाळेच्या सभागृहात. चकचकीत फरशी, खिडक्या उघड्या, माझी स्वतःची धुतलेली मॅट. अगदी प्रसन्न वाटलं. डाव्या बाजूला एक रिकामी मॅट होती, कुणी जागा धरून गेलं असेल. शवासनात डोळे मिटले आणि डाव्या करंगळीला गार, चिकट काहीतरी लागलं. बघते तर त्या मॅटमधून पाणी झिरपून माझ्याकडे येत होतं. पांढुरकं होतं, तांदळाच्या धुवणासारखं. वास मी लगेच ओळखला.

शेजारणीला विचारलं, ही मॅट कुणाची? ती म्हणाली, तुमचीच ना, तुम्हीच दोन घेऊन आलात.

१४ जानेवारी

संक्रांत. काकींनी तिळाचा लाडू दिला. तोंडात टाकला आणि थुंकला, मिठाचा खडा फोडल्यागत लागला. काकींसमोर फार लाज वाटली. त्यांनी त्यातलाच दुसरा खाऊन बघितला, म्हणाल्या, गोड आसा गो.

सकाळी सायकलींच्या वर्गाला गेले होते. दुकानांच्या वरचा हॉल, एसी, मोठ्याने गाणी. इथे पाणी कुठून येणार, म्हटलं. शेजारच्या सायकलवर कुणी नव्हतं, पण तिची पॅडल माझ्या पॅडलच्या बरोबरीने फिरत होती. मी थांबले की ती थांबायची. सीटवरून थेंब गळत होते. हँडलवर, जिथे माणूस हात धरतो तिथे, मिठाचे पापुद्रे होते आणि त्यांत चिकटलेलं कातडं. माशाचं नव्हे. बोटाच्या पेरावर असतात तशा रेघा होत्या त्याच्यावर.

उलटी झाली, सगळ्यांसमोर.

१७ जानेवारी

आता घरात. कालपासून टॉवेल वाळत नाही. पिळला की पांढरं पाणी गळतं. न्हाणीच्या जाळीत केसांचा गुंता सापडला, लांब, राठ, मधेमधे खवलं अडकलेली. माझे केस मानेपर्यंतसुद्धा नाहीत. सकाळी जिभेला काहीतरी टोचलं, बोटाने काढलं तर खवलं होतं. दात घासून घासून हिरड्यांतून रक्त आलं तरी चव जात नाही. स्वतःच्या तोंडाची किळस येते. माणसाने पळून तरी कुठे जायचं?

शेवटी काकींना सगळं सांगितलं. वखारीचं नाव काढल्याबरोबर त्यांनी शेगडी बंद केली. थंय येतंय म्हणालंस? तिथे ‘येते’ म्हणालीस का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. काकी लग्न होऊन आल्या त्याच्याही आधीची गोष्ट. रुक्मिणी म्हणून एक बाई त्या वखारीत मासळी खारवायची. पावसाळ्यासाठी वखार बंद व्हायच्या दिवशी ती टाकीत उतरून तळाचं मीठ खरवडत होती. बाकीच्या बायका, येतंव गो, म्हणून बाहेर पडल्या. नेहमीचंच बोलणं. शेवटच्या बाईला वाटलं आत कुणी नाही, तिने कडी घातली. जो तो आपापल्या गावी गेला. तिच्या माणसांना वाटलं माहेरी गेली, माहेरच्यांना वाटलं सासरी आहे. वखार उघडली ती नारळी पौर्णिमेला. रुक्मिणी टाकीत बसलेली होती, दाराकडे तोंड करून. कुजली नव्हती. खारली होती.

त्या बायका येतंव म्हणालेल्यो, म्हणान ती वाट बघता, काकी म्हणाल्या. येतंय म्हणून जो येत नाही, त्याला ती स्वतः आणायला जाते. म्हणून तिथे बायका जातंय म्हणतात, म्हणजे तिने वाट बघायची नाही. उपाय काय, विचारलं. परत जायचं, वर्ग पुरा करायचा आणि दारातून सांगायचं, मी जातंय.

मी हे रियाला कळवणार नाही. पण ती यायच्या आत हे मिटलं पाहिजे. माझ्या लेकीच्या पानात, तिच्या अंथरुणात ही घाण मी येऊ देणार नाही.

२० जानेवारी

जाऊन आले. मॅट तीच मिळाली, मी मागूनच घेतली. तासभर त्या ओल्या ठशात पडून राहिले. ठसा माझ्याच मापाचा झालाय. फळ्यांच्या खालून कुणीतरी खरवडत होतं, माझ्या श्वासाबरोबर एकदा, सोडला की एकदा. कपड्यांतून ते पाणी पाठीला लागत होतं. मी तोंडात रुमाल कोंबून घेतला, पण उठले नाही.

दारात आले. आईने शिकवलेलं जिभेवरून पुसता पुसेना. सगळ्या बायका गेल्या तरी मी तोंड उघडून उभी. भक्ती कुलूप हातात घेऊन थांबली होती. माझा धीर वाढवायला असेल, इकडचं तिकडचं बोलत होती. पाहुण्याचा पास वापरणार की वाया घालवणार, तिने विचारलं. तेवढ्यात जीभ सैल झाली. मी आत बघून एका दमात म्हटलं, मी जाते, आता शनिवारी रिया येईल.

आणि खरवडणं थांबलं. तिथल्या तिथे थांबलं. बाहेर येऊन खाडीकाठी बसले आणि बऱ्याच दिवसांनी नाकाने श्वास घेतला.

२२ जानेवारी

टॉवेल वाळला. चहा गोड लागतोय. काकींच्या हातचा बांगडा मात्र अजून जात नाही, डाळभात खाल्ला. खोली फिनेलने दोनदा पुसली. चादरी नव्या आणल्या, रियासाठी फिकट पिवळी.

सर्वेशला फोन करून सांगितलं, पास बंद करा. तो म्हणाला, महिना संपेपर्यंत चालूच राहतो.

२५ जानेवारी

रिया आली! कुडाळ स्टेशनवर गळ्यात पडली. मी बारीक झालेय म्हणाली, तिला काय सांगणार. दिवसभर किल्ला, होडी, गुळाचं खाजं, नुसती बडबड. खोलीत आल्याबरोबर म्हणाली, आई, वास किती छान आहे गं इथे.

मी विचारलं कसला वास. समुद्राचा, म्हणाली.

मला काहीच येत नव्हता.

२६ जानेवारी

पिवळी चादर ओली आहे. फक्त तिच्या बाजूची.

जेवताना तिने आमटीत मीठ घातलं. मग पुन्हा. मग चिमूट चिमूट नुसतंच तोंडात टाकत बसली, बोलता बोलता, शेंगदाणे खावेत तसं. मी बरणी उचलून ठेवली तर हसली आणि स्वतःचं मनगट चाटलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यांत पांढरे पापुद्रे आहेत. माझ्या पोरीकडे बघून मला उमासा आला. देवा, माझ्या पोरीकडे बघून.

तिने वखारीचं नाव घेतलेलं नाही, मीही नाही. ती तिथे पाऊल टाकणार नाही. मग हे का?

वही मागे चाळली. २० तारखेचं वाचलं.

मी काय बोलले. मी काय बोलून आले.

मी जाते. आता रिया येईल.

२७ जानेवारी, सकाळ

ऑफिसला दांडी. रात्रीची गाडी आहे, उद्याची वाट बघायची नाही. तिला गाडीत बसवायची, मी पण बसायचं. तिकीट स्टेशनवर काढू.

औषधाच्या दुकानापर्यंत गेले नि आले. तेवढ्यात रिया घरात नाही. काकी म्हणाल्या, पास घेऊन व्यायामाला गेली. कुणी बाई बोलावायला आली होती. काकींना वाटलं माझ्या वर्गातली असेल. केस लांब होते. ओले.

दुपार

वखारीला कुलूप. भक्ती फोन उचलत नाही. हाका मारून घसा बसला. घरी आले तर रिया अंथरुणात झोपलेली. कधी आली, काकींनी पाहिलं नाही. अंगाला हात लावला — कातडी घट्ट झालीय, सुकतेय. दाबलं की खळगा तसाच राहतो. वास — नाही लिहिता येत. तरी कुशीत घेऊन बसले.

डोळे उघडले तिने. खूप छान वाटलं गं, म्हणाली. मी विचारलं, निघताना काय म्हणालीस? खरं सांग, काय म्हणालीस?

तू शिकवलंस तेच, म्हणाली.

नंतर

मीच जाते वखारीत. टाकीत उतरून सांगते, तिला सोड, मला घे. शब्द नीट जुळवून ठेवायचे, ती शब्दावर चालते. रियाला येऊ दे म्हटलं — तर कुणाकडे येऊ दे? रियाला जाऊ दे म्हटलं — नाही. जाऊ दे कसं म्हणू. राहू दे म्हटलं तर — कुठे

दुसरा शब्द हवा. मराठीत एवढे शब्द

फळ्या वाजल्या. जिना लाकडी आहे, जिनाच असेल — खरवडतंय —

रिया उठलीय. चपला घालतेय. हात धरला तर सालपट माझ्या हातात आलं. रिया बस. रिया नको बोलूस, काहीच बोलू नकोस, तोंड मिट बाळा —

दारात वळली. हसतेय. म्हणतेय, आई, मी