पडद्याबाहेरची माणसं

४ जानेवारी, कोट्टयम
लागले एकदाची नोकरीला! सांजदैनिक लहानसं, पण निधनवार्तांचं अख्खं पान माझं. शेजारच्या टेबलावर तंकम्माचेची, म्हणजे तंकम्माताई, मुद्रितं तपासतात. पहिल्याच दिवशी माझ्या डब्यातली अर्धी मासळी फस्त केली आणि वर म्हणाल्या, मीठ कमी पडलंय हो पोरी!

मॉनिटर एवढासा, पान हे एवढं. म्हणून मी डेस्कटॉपच पडद्यापेक्षा दुप्पट करून टाकला. माउस कडेला नेला की सगळं सरकतं आणि झाकलेला भाग समोर येतो. आता फोटोंच्या विंडो बाजूला उघडून ठेवायच्या आणि एकेक पानावर बसवायचा. चेची ओरडल्याच, अगं बाई, टेबल हललं की काय!

घरी फोन केला. अप्पच्चन, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, शायनी, तुझ्या पानावर माझा फोटो नाही ना, हे बघूनच मी चहा घेणार. यांच्या जिभेला काही हाड?

८ जानेवारी
डेस्कटॉप मी दुप्पट केला होता, पण खाली तो संपतच नाही. पानाच्या पार पलीकडे नुसती करडी जागा, आणि तिथे एक विंडो उघडी. आत खालच्या चहावाल्या पैलीचेट्टनचा फोटो. मी उघडलेली नाही. चेची हसल्या, मेला जाईल तिथे तोंड घालतो. मी बंद केली.

१० जानेवारी
पुन्हा आली. पानाच्या जवळ.

११ जानेवारी
पैलीचेट्टन सकाळी चहा गाळता गाळता गेले. मुलाने आणलेला फोटो तोच. चेची ढसाढसा रडल्या. मी तोच फोटो पानावर बसवला.

१४ जानेवारी
खाली आणखी विंडो आहेत. चर्चमधले घंटावाले, पाला गावच्या बसचा कंडक्टर, कितीतरी. सगळ्या वर सरकतायत. पान गाठलं की माणूस जातं, काल घंटावाले गेले. संपादक कुरियनसरांना सांगितलं. ते म्हणाले, मेलेल्यांचे फोटो लावून डोकं फिरलंय तुझं, चार दिवस घरी जाऊन झोप काढ.

१६ जानेवारी
अप्पच्चन.
दादाच्या लग्नातला फोटो. तळाशी, खूप लांब. सकाळी लांब होता. दुपारी—
फोन केला. म्हणाले, ठणठणीत आहे, रडतेस काय वेडे? पण खोकत होते. मला फार भीती वाटतेय.

१७ जानेवारी
जवळ आले. वायर ओढली, परत सुरू केलं, तिथेच. माउसला हात न लावता पडदा त्यांच्याकडे सरकतो.
सुचलं! बाहेरची जागाच नको. डेस्कटॉप परत पडद्याएवढा करते. मग त्यांना यायला वाटच—

त्याच दुपारी
केला.
देवा, माझी अक्कल कुठे गेली होती! जागा कापली म्हणून बाहेरच्या विंडो नाहीशा होत नाहीत. आत येतात. रोज हेच काम करणाऱ्या मला हे कळू नये?
सगळ्या आल्या. एकावर एक, पानावर. कुरियनसर— कंडक्टर— चेची— आणि सगळ्यांच्या वर अप्पच्चन.
बंद होत नाहीत. एकही नाही.
चेचींनी टेबलावर डोकं टेकलंय. हाक मारली. ओ देत नाहीत.
खाली रस्त्यावर बस कशावर तरी धाडकन आदळली—
फोन वाजतोय. घरचाच असणार. मी उचलणार नाही. उचलत नाही तोवर अप्पच्चन—