बॅटरीमागचं पाकीट

छोटीचे बाबा,

शेळीचं दूध काढून फडक्याखाली झाकलंय. कोंबड्या अंधार पडायच्या आत खुराड्यात घाला.

सोलारच्या बॅटरीत पाणी घालायचं काम तुमचं, पण तुम्ही विहिरीवर होतात म्हणून आज मीच घातलं. बॅटरीच्या मागे तापाच्या गोळ्यांचं पाकीट सापडलं, अर्धं रिकामं. या शेतावर औषध येणार नाही, देव आहे, असं तुम्हीच ठरवलं होतंत ना? म्हणजे मागे तुमचा ताप प्रार्थनेनं उतरला, तो असा उतरला होता तर! आणि मी खुळी, छोटी कालपासून तापानं फणफणली असताना तिच्या उशाशी बसून 'देवा, हिच्या बाबांचं ऐकलंस तसं हिचंही ऐक' म्हणत होते. तुम्ही शेजारीच हात जोडून बसला होतात. माझं सोडा हो, पण लेकराचं अंग भाजत असतानाही तुमच्या तोंडून शब्द फुटला नाही?

तिला घेऊन डॉक्टरकडे चाललेय, तिथून ताईकडे. न्यायला येऊ नका. देवावर माझा राग नाही, त्यानं काही लपवलं नव्हतं.

पाकीट होतं तिथेच ठेवलंय. आता ताप आला तर खुशाल ओसरीवर बसून गोळी घ्या. जिच्यापासून लपवायची, ती घरात नाही.